पेशीतला निरोप्या

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी सुगम संगीत होतं, एकांकिका होते, पाककला स्पर्धा होते. यंदा कार्यकारिणीनं मला सांगितलं, "साहेब, तुम्ही काहीतरी माहितीपर बोला." त्यांना वाटलं असेल, मी हिललिगे ते होसूर दुहेरी मार्गाबद्दल बोलेन आणि आनेकल रोडला गाड्या कधी वाढणार ते सांगेन. ते मलाही माहीत नाही. म्हणून मी वेगळाच विषय घेतला आहे. विषय आहे आपल्या शरीरातल्या पेशींच्या आत निरोप पोचवणारा एक इवलासा रेणू, सायक्लिक एएमपी.

घाबरू नका. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला इंजिनिअर आहे. रिले, केबल आणि पॉइंट मशीन हे माझं जग. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच सुटला होता. तो पुन्हा जुळवला माझ्या मुलीनं. ती अकरावीला आहे. अंतःस्रावी ग्रंथींच्या धड्यात एक ओळ आहे, की काही संप्रेरकं पेशीच्या आत जातच नाहीत, ती बाहेरच थांबतात आणि आत 'सेकंड मेसेंजर' तयार होतो. उदाहरण म्हणून सायक्लिक एएमपी. पुस्तकात एवढंच. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सिग्नलवाले ना? मग हे सांगा." त्या एका ओळीपायी मी पुढचे काही महिने वाचत राहिलो. वाचता वाचता आमच्या घरातल्या एका जुन्या दुःखापाशी येऊन थांबलो. त्याबद्दल शेवटी सांगतो.

स्टेशनावरचे टोले

माझं लहानपण कुर्डुवाडीजवळच्या एका छोट्या स्टेशनाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील पॉइंट्समन होते. त्या काळी फलाटावर रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की तो निरोप मास्तरांच्या खोलीतल्या यंत्रावर यायचा. मास्तर खूण करायचे आणि पोर्टर त्या तुकड्यावर टोले द्यायचा.

टोले पडले की काय व्हायचं ते आठवा. चहावाला स्टोव्हला पंप मारायचा. हमाल बिडी विझवून उठायचा. बायका बोचकी आवरायच्या. वडील हिरवं-लाल निशाण घेऊन निघायचे. टोल्यांमध्ये गाडीचं नाव नसायचं आणि कुणी काय करायचं तेही नसायचं. ज्याला त्याला आपलं काम ठाऊक होतं. शिवाय मूळ निरोप फलाटावर आलाच नव्हता, तो मास्तरांच्या खोलीतच थांबला होता.

पेशीचं अगदी असंच आहे. समजा, रात्री अटीबेले रस्त्यानं येताना कुत्रं अंगावर धावून आलं. मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी रक्तात अॅड्रिनलीन सोडतात. अॅड्रिनलीन यकृताच्या पेशीपर्यंत पोचतं, पण आत शिरत नाही. पेशीच्या आवरणात एक ग्राही असतो, त्याला ते चिकटतं. हा झाला मास्तरांच्या खोलीतला निरोप. मग आत जे टोले पडतात, ते म्हणजे सायक्लिक एएमपी. ते ऐकून यकृताची पेशी साठवलेल्या ग्लायकोजेनची साखर करून रक्तात सोडते, आणि आपण पळतो.

उकळूनही न मेलेला निरोप

हे कुणी शोधलं? अमेरिकेत क्लीव्हलंड इथे अर्ल सदरलँड नावाचे शास्त्रज्ञ होते. १९५० च्या दशकात ते आणि त्यांचे सहकारी थिओडोर रॉल यकृतावर काम करत होते. अॅड्रिनलीन दिलं की यकृतातून साखर सुटते, एवढं माहीत होतं. ते कसं घडतं, हा प्रश्न होता. त्या काळचा समज असा, की संप्रेरकाचा परिणाम फक्त अखंड, जिवंत पेशीवरच होतो. पेशी फोडली की खेळ संपला.

सदरलँड यांनी पेशी फोडल्या. त्या लगद्यातही अॅड्रिनलीनचा परिणाम दिसला. मग त्यांनी लगदा यंत्रात गरगर फिरवून गाळ वेगळा केला. त्या गाळात पेशींच्या आवरणांचे तुकडे होते. आता नुसत्या वरच्या पाण्यात अॅड्रिनलीन घातलं, तर काहीच होईना. म्हणजे निरोप घेणारा गाळात होता आणि काम करणारा पाण्यात. मग त्यांनी गाळाला वेगळं अॅड्रिनलीन दिलं, सोबत एटीपी दिलं, थोडा वेळ थांबले आणि मग ते मिश्रण चक्क उकळलं. उकळल्यावर प्रथिनं निकामी होतात, जसं अंडं घट्ट होतं तसं. ते उकळलेलं पाणी त्यांनी पहिल्या पाण्यात मिसळलं आणि काम सुरू झालं! गाळात काहीतरी असं तयार झालं होतं जे उकळूनही शाबूत राहिलं आणि जे आवरणाचा निरोप आतल्या कामगारांना पोचवत होतं. आमच्या खात्यात बिघाड शोधताना आपण असेच एकेक भाग वेगळे करत जातो. म्हणून हा प्रयोग वाचताना मला फार आनंद झाला.

तो पदार्थ म्हणजे सायक्लिक एएमपी. या कामासाठी सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. हे साल लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

साखळीतले कामगार

आता ही साखळी थोडक्यात. ग्राहीला अॅड्रिनलीन चिकटलं की त्याचा आकार किंचित बदलतो. त्याच्या आतल्या बाजूला एक मध्यस्थ असतो, त्याला जी प्रथिन म्हणतात. तो जागा होतो आणि शेजारच्या अॅडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला चालू करतो. हे एन्झाइम टोले देणारा पोर्टर. त्याचा कच्चा माल एटीपी, म्हणजे पेशीची हातखर्चाची रोकड. एटीपीला तीन फॉस्फेट असतात. सायक्लेज त्यातले दोन काढतं. उरलेल्या एकाचं मोकळं टोक वळून त्याच रेणूतल्या साखरेला दुसऱ्या ठिकाणी चिकटतं आणि एक कडं तयार होतं. त्या कड्यामुळे नाव सायक्लिक. थोडक्यात, पेशी खिशातल्या नोटेचीच घडी घालून तिची चिठ्ठी करते.

या चिठ्ठ्या पेशीत पसरतात आणि प्रोटीन कायनेज ए नावाच्या एन्झाइमला गाठतात. त्याचे दोन काम करणारे भाग दोन राखणदार भागांनी धरून ठेवलेले असतात. राखणदारांच्या हातात चिठ्ठ्या पडल्या की पकड सुटते. मोकळे झालेले कामगार इतर प्रथिनांवर फॉस्फेटचे शिक्के मारत सुटतात. शिक्का बसला की कुठलं प्रथिन कामाला लागतं, कुठलं थांबतं. दर पायरीवर आकडा वाढतो. ग्राहीला चिकटलेल्या मोजक्या रेणूंमुळे आत शेकडो चिठ्ठ्या निघतात. रिलेमध्ये बारीक प्रवाहानं मोठं सर्किट चालवायचं तत्त्व आपण सारे वापरतो. पेशी ते आपल्या कितीतरी आधीपासून वापरते आहे.

या साखळीतल्या एकेका दुव्यासाठी पुढे नोबेल मिळाली. शिक्के मारण्याच्या शोधासाठी १९९२ मध्ये फिशर आणि क्रेब्स यांना, जी प्रथिनासाठी १९९४ मध्ये गिलमन आणि रॉडबेल यांना, ग्राहीसाठी २०१२ मध्ये लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना.

गंमत अशी, की टोले तेच, पण ऐकणारा वेगळा असेल तर काम वेगळं. हृदयाच्या पेशीत सायक्लिक एएमपी वाढलं की ठोके जलद आणि जोरकस होतात. श्वासनलिकेच्या स्नायूत वाढलं की स्नायू सैल पडतो. आपल्यापैकी कुणाकडे दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप असेल, तर तो हेच काम करतो. मूत्रपिंडात वाढलं की पाणी शरीरात राखलं जातं. तीच घंटा शाळेत वाजली की सुट्टी, देवळात वाजली की आरती.

लाल होणं महत्त्वाचं

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, सिग्नल 'ऑन' म्हणजे हिरवा. आमच्या नियमपुस्तकात उलटं आहे. 'ऑन' म्हणजे लाल. सिग्नलची मूळ स्थिती लाल. हिरवा हा पाहुणा, थोड्या वेळापुरता येतो. गाडीचं पहिलं चाक सिग्नल ओलांडून पुढच्या ट्रॅक सर्किटवर आलं की सिग्नल आपोआप पुन्हा लाल झाला पाहिजे, मग स्टेशन मास्तर जागेवर असो वा नसो. सिग्नल लाल अडकला तर गाडीला उशीर होतो, लोक आम्हाला शिव्या देतात. पण सिग्नल हिरवा अडकला तर माणसं मरतात. पहिल्याला आम्ही सेफ फेल्युअर म्हणतो, दुसऱ्याला अनसेफ.

पेशीनंही लाल होण्याची सोय दोन ठिकाणी केली आहे. एक, चिठ्ठ्या फाडणारा. फॉस्फोडायएस्टरेज नावाचं एन्झाइम सायक्लिक एएमपीचं कडं कापून त्याचं साधं एएमपी करतं. चिठ्ठी रद्द. (आपल्या फिल्टर कॉफीतलं कॅफीन प्रयोगशाळेत या एन्झाइमला अडवतं. पण कपभर कॉफीनं येणारी तरतरी मुख्यतः दुसऱ्या वाटेनं येते, त्यामुळे माझा दाखला देऊन जास्तीचा कप मागू नका.)

दोन, आणि हे फार सुंदर आहे, जी प्रथिनाच्या खिशातच घड्याळ असतं. जीटीपी नावाचा रेणू धरला की ते चालू होतं. तो जीटीपी ते स्वतःच तोडतं आणि तोडला की बंद. काही सेकंदांचा मामला. कुणी सांगायला यावं लागत नाही.

लोणच्यातलं मूळ

आता थोडं घरचं. थंडीत आपल्याकडे ओली हळद आणि आंबेहळद येते, तसा माईनमुळा येतो. त्याचं लोणचं जुन्या बायकांना चांगलं माहीत आहे. इथे कर्नाटकात त्याला मकंदी बेरू, मांगणी बेरू म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव कोलियस फोरस्कोली.

१९७० च्या दशकात मुंबईत मुलुंडला हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे आपल्याकडच्या औषधी वनस्पतींची एकामागून एक चाचणी चालू होती. त्यात या मुळातून एक पदार्थ निघाला, ज्यानं रक्तदाब उतरत होता आणि हृदयाचा जोर वाढत होता. नोएल डिसूझा, सुजाता भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडून १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. पदार्थाचं नाव फोरस्कोलिन. पण तो नेमकं काय करतो, ते कळलं १९८१ मध्ये, जेव्हा अमेरिकेत सीमन आणि डेली यांनी दाखवलं, की फोरस्कोलिन ग्राहीला विचारत नाही, थेट अॅडेनिलिल सायक्लेजला चालू करतं.

म्हणजे मास्तरांची खोली वगळून सरळ पोर्टरच्या हातात दांडका. सिग्नलमध्ये रिलेला बाहेरून वायरीचा तुकडा लावून सर्किट पुरं करणं हा मोठा गुन्हा आहे, त्यानं अपघात होतात. पण प्रयोगशाळेत हाच तुकडा बिघाड शोधायला अनमोल ठरला. बिघाड सायक्लेजच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे फोरस्कोलिन घालून पाहता येऊ लागलं. आज जगभरच्या पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्याची बाटली असते. ते मुलुंडमध्ये, आपल्या लोणच्याच्या मुळातून सापडलं, याचा मला अभिमान वाटतो. मात्र वजन कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिरातीत हेच नाव दिसलं, तर त्या दाव्यांना भक्कम पुरावा नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पटकी

आणि आता त्या जुन्या दुःखाकडे येतो.

माझ्या वडिलांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता. स्वातंत्र्याच्या एक-दोन वर्षं आधी, आषाढी होऊन थोड्याच दिवसांत, चार वर्षांचा असताना तो गेला. पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं. पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांना पटकी नवी नव्हती. यात्रेत लाखो माणसं, पाणी एकाच नदीचं. १९०६ पासून कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी जात होती. तिच्यातून वारकरी येत-जात आणि कधी कधी त्यांच्यासोबत रोगही. गावात साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत.

सकाळी पोराला जुलाब लागले, भाताच्या पेजेसारखे. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. ते पाणी मागत होतं. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, पाणी तोडा, पाणी पाजलं की जुलाब वाढतात. आजीनं ओठांवर ओलं फडकं फिरवलं, पाणी दिलं नाही. दिवेलागणीला पोर गेलं.

आजी पुढे पन्नासेक वर्षं जगली. दारात आलेल्या कुणालाही तिनं पाण्यावाचून जाऊ दिलं नाही, भिकाऱ्याला नाही की कुत्र्याला नाही. मी लहान असताना आजारी पडलो की ती रात्रभर उशाशी तांब्या घेऊन बसायची. एकदाच बोलली, "त्यानं पाणी मागितलं रे, म्या दिलं न्हाई."

आता बघा, पेशीत काय झालं होतं.

कॉलऱ्याचा जंतू माणसाला खात नाही, आतड्याला जखमही करत नाही. तो एक विष सोडतो. हे १९५९ मध्ये कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं. जंतू वाढवलेलं पाणी त्यांनी गाळून जंतू पूर्ण काढून टाकले आणि ते नुसतं पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात घातलं. आतडं पाण्यानं टम्म फुगलं. जंतू नाही, तरी रोग. एवढा मोठा शोध, पण हयातीत त्यांना देशात त्या तोलाचा मान मिळाला नाही. १९८५ मध्ये ते गेले.

या विषाचे पाच पाय असतात. त्यांनी ते आतड्याच्या पेशीला चिकटतं आणि सहावा भाग आत सरकतो. आत जाऊन तो काय करतो? जी प्रथिनाला शोधतो आणि त्याच्या खिशातल्या घड्याळावर एक रासायनिक गाठ मारतो. बस, एवढंच. जी प्रथिन चालू होतं, पण आता जीटीपी तोडता येत नाही, म्हणून बंद होता येत नाही. हे घड्याळ बंद पडतं, हे १९७७ मध्ये जेरुसलेमच्या कॅसल आणि सेलिंगर यांनी दाखवलं.

सिग्नल हिरवा अडकला.

सायक्लेज टोल्यांवर टोले देत राहतं. चिठ्ठ्यांचा ढीग पडतो, फाडणारा पुरा पडत नाही. शिक्के मारणारे आतड्याच्या पेशीतले क्लोराइडचे दरवाजे उघडे ठेवतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहतं, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. जबर रुग्णात हे पाणी तासाला एक लिटरपर्यंत जातं. चार वर्षांच्या पोरात पाणी असतं किती?

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. आयुष्यभर ज्या बिघाडाला आम्ही घाबरत आलो, तोच बिघाड माझ्या न पाहिलेल्या काकाला घेऊन गेला होता.

लूप लाईन

मेन लाईन अडली की आपण काय करतो? गाडी लूपनं काढतो. आतड्याच्या पेशीलाही लूप लाईन आहे. तिच्यावर आणखी एक दरवाजा आहे. तो सोडियम एकट्याला आत घेत नाही, सोबत ग्लुकोज असेल तरच घेतो. जोडीनं या, नाहीतर बाहेर थांबा. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. सायक्लिक एएमपीचे टोले कितीही वाजोत, हा दरवाजा चालूच राहतो. मीठ आणि साखर जोडीनं आत गेली की पाणी त्यांच्यामागे जातं. ओआरएसची पुडी ती हीच.

१९६८ मध्ये ढाक्यात डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर हे करून पाहिलं होतं. पण खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश युद्धातले निर्वासित लाखोंनी पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये महालनबीस गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

साल बघा, १९७१. एकीकडे स्टॉकहोममध्ये सायक्लिक एएमपीसाठी नोबेल, दुसरीकडे बनगावच्या चिखलात त्याच सायक्लिक एएमपीनं वाहून चाललेली माणसं पेलाभर मीठ-साखरेच्या पाण्यानं परत येत होती.

ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत, हे नीट समजून घ्या. गाठ मारलेलं घड्याळ दुरुस्त होत नाही. पण आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन-पाच दिवसांत झडून नव्या येतात, त्यांची घड्याळं शाबूत असतात. तेवढे दिवस माणूस पाण्यावर तगवायचा असतो. म्हणून "जुलाब वाढतील, पाणी देऊ नका" हे पूर्ण चूक आहे. आजही काही घरांत ते ऐकू येतं.

आजी असती तर मी तिला काय सांगितलं असतं? नुसत्या पाण्यानं तो वाचलाच असता, असं कुणी सांगू शकत नाही. गेलेलं मीठ भरायला मीठ हवं होतं आणि ते मीठ आत न्यायला साखर. घरात दोन्ही होतं. पण ही जोडी कामाला येते, हे त्या दिवशी जगात कुठल्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. आई, चूक तुझी नव्हती. हे सांगायला मला उशीर झाला. म्हणून ते तुम्हाला सांगतो आहे.

जाता जाता

२०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरू शहरातही कॉलऱ्याचे रुग्ण आढळले होते. आपल्यापैकी बरेच जण टँकरचं आणि बोअरचं पाणी वापरतात. म्हणून चार गोष्टी.

घरात ओआरएसच्या दोन पुड्या नेहमी ठेवा. पुडीवर लिहिलेलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घाला, अर्धी-पाव करू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. घोटघोट पाजत राहा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. बाळ अंगावर पीत असेल तर ते बंद करू नका. लघवी होत नसेल, डोळे खोल गेले असतील, माणूस पेंगत असेल, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा.

दुकानात घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या. गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' लिहून विकण्याचा प्रकार बरीच वर्षं चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं तो शब्द अशा पेयांवर वापरायला मनाई केली.

मंडळाला एक विनंती आहे. उद्याच्या महाप्रसादाला पाण्याचं पिंप झाकलेलं असू द्या, पाणी काढायला तोटी किंवा लांब दांड्याचा ओगराळा ठेवा. आणि प्रथमोपचाराच्या पेटीत या पुड्या ठेवा. पुड्यांचा खर्च माझ्याकडून, आजीच्या नावानं.

मुलीनं विचारलेल्या एका ओळीचं उत्तर जरा लांबलं. तिला घरी मी एवढंच सांगितलं, "बाळा, निरोप पोचणं महत्त्वाचं आहेच. पण काम झाल्यावर सिग्नल लाल झाला का, ते आधी बघ." ती म्हणाली, "बाबा, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क देतील का?" बहुतेक नाही देणार. पण आपल्या पेशी रोज हीच परीक्षा देतात, आणि त्या पास होतात म्हणून आपण इथे बसलो आहोत.

 गणपती बाप्पा मोरया!